पन्नाशीनंतरची नायिका : साहसकथा आणि कौटुंबिक कादंबरी लिहिणाऱ्यांचे वारंवार येणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात आम्ही दहा-बारा जण महिन्याच्या शेवटच्या रविवारी एकमेकांच्या कथा वाचायला बसतो. त्यांत वयानं मी सगळ्यात मोठी, म्हणून कागद तपासायचं काम माझ्याकडे. मध्यंतरी मी एकदा बोलून गेले की बहुतेक कथांतली नायिका पंचविशीची असते आणि ती लिहिणारी पंचावन्नची. तेव्हापासून या एकाच विषयावरचे प्रश्न थांबलेले नाहीत. व्हॉट्सॲपवर येतात, मेलवर येतात, एक तर लग्नाच्या पंगतीत शेजारच्या पानावरून आला. परत परत येणारे इथं लिहून ठेवते. उत्तरं माझी आहेत, तेव्हा भांडायला मोकळीक आहे.

१. प्रौढ नायिका म्हणजे नेमकी किती वर्षांची?

मी पंचेचाळीस ते पंचाहत्तर धरते. कायद्याला विचाराल तर साठीला माणूस ज्येष्ठ नागरिक होतो. शरीराला विचाराल तर आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी ४६-४७च्या आसपास थांबते. आणि गावाला विचाराल तर ज्या दिवशी दुकानदार 'वहिनी' म्हणायचं सोडून 'काकी' म्हणायला लागतो, तो दिवस. कथेला ही तिसरी व्याख्या सगळ्यात जास्त कामाची. त्या सुमाराला मुलं हाताखालून निघून गेलेली असतात आणि घरातली म्हातारी माणसं हातात आलेली असतात. मधल्या त्या बाईला पहिल्यांदाच दुपार मोकळी मिळते, आणि त्याच दुपारी फोन वाजतो. कथा तिथून सुरू करा.

२. माझ्या कथेत आजी आहे. मग ती प्रौढ नायिकेची कथा झाली ना?

आजीला पाचव्या प्रकरणात मुंबईला मुलीकडे पाठवून द्या. कथा न अडखळता पुढे चालली, तर नायिका दुसरीच कुणी आहे. आजी लाडू देते, शहाणपणाचं एक वाक्य बोलते आणि देवघरात जाते, हे आपण पुष्कळ वाचलंय. नायिका ती, जिच्या निर्णयानं गोष्ट वळते आणि चुकलं तर जिला भोगावं लागतं.

३. साहसकथेत पळणं, चढणं, झुंजणं असतं. साठीच्या बाईला ते शोभेल का?

शोभण्याचं राहू द्या, होतं की नाही ते आधी बघू. जपानच्या तामाए वातानाबे २००२ साली ६३व्या वर्षी एव्हरेस्टवर गेल्या आणि २०१२ साली ७३व्या वर्षी पुन्हा गेल्या. २०२२ साली बचेंद्री पाल पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना घेऊन अरुणाचलपासून लडाखपर्यंत हिमालयातून जवळपास ५,००० किलोमीटर चालल्या. केरळातल्या वडकऱ्याच्या मीनाक्षी अम्मांना २०१७ साली कळरीपयट्टू या युद्धकलेसाठी पद्मश्री मिळाली तेव्हा त्या पंचाहत्तरीच्या घरात होत्या आणि रोज मुलांना शिकवत होत्या. बारामतीच्या लता करे साठीनंतर नऊवारी नेसून, अनवाणी, मॅरेथॉनमध्ये धावल्या, कारण नवऱ्याच्या तपासणीला पैसे हवे होते.

लिहिणाऱ्यानं या चौघींतली शेवटची नीट बघावी. बाकीच्यांनी तयारी केली, सराव केला, मग निघाल्या. लताबाई बिलामुळे धावल्या. कारण घरातलं आणि रस्ता घराबाहेरचा, ही जोडी जमली की साहसकथा आणि कौटुंबिक कथा वेगळ्या लिहाव्या लागत नाहीत.

आता एव्हरेस्ट सोडा, आपल्या दाराशी या. गोव्यात नदीकाठी खाजन शेतं आहेत. भरतीचं खारं पाणी अडवायला मातीचा बांध, आणि बांधात मानस, म्हणजे लाकडी दारांची मोरी. भरती आली की पाण्याच्या रेट्यानं दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी त्याला ढकलून बाहेर जातं. दार अडकलं किंवा बांधाला भगदाड पडलं तर खारं पाणी शेतात शिरतं आणि पुढची काही वर्षं पीक विसरायचं. तग धरला तर कोरगुटासारखं खार सोसणारं भातच धरतं. अमावास्येचं उधाण, वरून जुलैचा पाऊस, रात्रीचे दोन, आणि मानशीच्या दारात ओंडका अडकलेला. गावातले तरुण आखातात किंवा बोटीवर. ओंडका कुठल्या बाजूनं ओढायचा हे ज्या एकाच माणसाला माहीत आहे, ते बासष्ट वर्षांचं आहे, तिचा बाप मानशीवर राखण करायचा, आणि सून म्हणतेय, 'मांय, पावसात भायर वचूं नाकात.' यात तलवार कुठं हवी आहे?

४. मग शरीराचं काय? गुडघे, चष्मा, गोळ्या हे सगळं दाखवायचं की लपवायचं?

दाखवायचं, आणि कामाला लावायचं. आमच्यातल्या एकीची सदुसष्ट वर्षांची नायिका साडीत सहा फुटी गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) उडी मारून गेली होती. मी फक्त विचारलं, चपला अलीकडे काढल्या की पलीकडे? लेखिकेनं ते प्रकरण पुन्हा लिहिलं, आणि आता ती बाई गडग्याच्या कडेकडेनं चालत जिथं दगड ढासळलाय ती जागा शोधते. तेवढ्यात तिला पलीकडचं संभाषण ऐकू येतं. उडी मारली असती तर ते ऐकूच आलं नसतं.

थोडे व्यवहाराचे मुद्दे. दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, तेव्हा संकट परतीच्या वाटेवर ठेवा. चाळिशीनंतर जवळचं अंधुक दिसतं, लांबचं नाही. ती बोटीचं नाव वाचेल, पण औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं नाही. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होतात, त्यामुळे पडण्याची भीती खरी असते आणि ती जपून पाऊल टाकते. धावणं कमी झालं तरी चालणं टिकतं, विशेषतः आयुष्यभर डोंगरातून सरपण किंवा काजू आणणाऱ्या बाईचं. रक्तदाबाची गोळी चुकली, हा तर फुकट मिळालेला घड्याळाचा काटा आहे. फक्त दर पानावर कण्हायला लावू नका. दुखणं सवयीचं झालं की माणूस त्याबद्दल बोलत नाही.

५. गोव्यातच घडवायची तर कुठं? समुद्रकिनारे वापरून वापरून झिजलेत.

झिजलेतच. आधी कुर्डीला जाऊन या. सांगे तालुक्यातलं हे गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलं, माणसं वाडे आणि वालकिणीला वसवली. तिथलं प्राचीन महादेवाचं देऊळ दगड दगड उतरवून धरणाजवळ पुन्हा रचलं. पण दर उन्हाळ्यात पाणी ओसरलं की गाव वर येतं: घरांची जोती, तुळशीवृंदावनं, विहिरी, सोमेश्वराची जागा. मे महिन्यात जुने गावकरी तिथं उत्सवाला जमतात, ख्रिस्ती कुटुंबं आपल्या कपेलाकडे, छोट्या चर्चकडे, जातात. गायिका मोगूबाई कुर्डीकर याच गावच्या.

आता समजा, वीस-बाविसाव्या वर्षी ते घर सोडलेली बाई आज पासष्टीच्या पुढे आहे. घर सोडताना तिनं जोत्यात काहीतरी पुरलं होतं, किंवा सासूनं पुरलेलं तिनं पाहिलं होतं. पाऊस यायला आठ दिवस आहेत. हा खजिन्याचा शोध आहे, त्याला घड्याळ आहे, नकाशा तिच्या डोक्यात आहे आणि नव्या पिढीतल्या कुणाला तो वाचता येत नाही. मला स्वतःला ही कथा लिहायची होती. जमली नाही, तुम्ही लिहा.

दुसरी जागा दिवाडी. बेटाला अजून पूल नाही, फेरीबोट चुकली की चुकली. याच बेटावरच्या गोदीत बांधलेल्या 'तारिणी' शिडाच्या बोटीतून नौदलाच्या सहा अधिकारी मुली २०१७ साली गोव्याहून निघाल्या आणि २०१८ साली पृथ्वीला वळसा घालून गोव्यालाच परतल्या. ती बोट तयार होताना रोज धक्क्यावरून पाहणाऱ्या एखाद्या बाईच्या मनात काय काय आलं असेल, ते अजून कुणी लिहिलेलं माझ्या वाचण्यात नाही.

तिसरी जागा म्हणजे रात्रच: ढालोची, म्हणजे बायकांच्या लोकनृत्याची. पौषात मांडावर बायका दोन रांगांत समोरासमोर उभ्या राहतात, गाणी चालतात, शेवटच्या रात्री सोंगं येतात. गाणी कुणाला येतात? वयस्क बायकांना. पुढारपण त्यांचंच. पुरुष लांब. सोंग घेतलेली बाई कोण हे ओळखता येत नाही, एवढ्यावर एक रहस्यकथा उभी राहते.

६. गोव्याच्या इतिहासात खऱ्या साहसी बायका होत्या का? त्यांच्यावर कादंबरी लिहू का?

होत्या. ६ एप्रिल १९५५ला म्हापशात पोर्तुगीज सरकारची बंदी झुगारून भरवलेल्या नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाच्या अध्यक्ष सुधाताई जोशी होत्या आणि त्यांना तिथंच अटक झाली. लिबिया लोबो सरदेसाई यांनी वामन सरदेसाई यांच्याबरोबर १९५५ पासून गोवा मुक्तीपर्यंत जंगलातून गुप्त रेडिओ केंद्र चालवलं, आणि १९ डिसेंबर १९६१ला विमानातून ध्वनिक्षेपकावर मुक्तीची बातमी दिली.

पण वयं बघा. तेव्हा या दोघी तिशीत होत्या. म्हणजे आपल्या विषयात त्या थेट बसत नाहीत, आणि ओढूनताणून बसवू नयेत. आपल्या कामाचं आहे ते पुढचं: लिबियाबाईंना पद्मश्री जाहीर झाली २०२५ साली, वयाच्या शंभराव्या वर्षी. मधली साठ-पासष्ट वर्षं एखादी बाई आपलं साहस पोटात घेऊन कशी जगते? नातवाला शाळेतून आणताना, रेशनच्या रांगेत, बँकेत सही जुळत नाही म्हणून परत पाठवली जाताना? ऐतिहासिक कादंबरी तिथं आहे. खऱ्या माणसांची नावं वापरण्यापेक्षा काल्पनिक बाई उभी करा. म्हणजे तिला चुका करू देता येतील.

जाता जाता: केरीच्या केसरबाई केरकरांचा आवाज १९७७ साली व्हॉयेजर अवकाशयानांवरच्या तबकड्यांतून पृथ्वी सोडून निघाला, आणि त्याच सप्टेंबरात त्या ८५व्या वर्षी गेल्या. 'जात कहाँ हो' असे त्या गाण्याचे शब्द. योगायोग इतका नेमका आहे की कथेत घातला तर संपादक कापेल.

७. कौटुंबिक कादंबरीतली आई त्यागमूर्ती नाही दाखवली तर वाचक रागावतात. काय करू?

रागावू द्या. त्यागात गोची अशी की त्यागमूर्तीला काहीच नको असतं, आणि जिला काही नको तिची गोष्ट पुढे सरकत नाही. तिला काहीतरी हवं असू द्या, आणि ते छोटं आणि नेमकं असू द्या. 'स्वातंत्र्य' हवंय म्हटलं की वाचक जांभई देतो. माडीवरची खोली हवी आहे, ज्यात गेली वीस वर्षं धाकट्या दिराच्या बंद पडलेल्या धंद्याचं सामान आहे: हे हवेपण हाताला लागतं. त्या खोलीच्या किल्लीसाठी तीनशे पानं लिहिता येतात.

आणि सुनेला खलनायिका करायची सोपी वाट टाळा. या वयातल्या बाईसमोरचा खरा अडथळा बहुतेक वेळा तिच्यावर प्रेम करणारं माणूस असतं. 'आई, तू कशाला दगदग करतेस' हे वाक्य जितक्या घरांत कुलपासारखं वापरलं जातं, तितकं दुसरं कुठलंच नाही.

८. घराची वाटणी, मृत्युपत्र, विक्री असं कथानक आहे. गोव्यात काही वेगळं असतं का?

सगळंच वेगळं असतं, आणि बाहेरून येणाऱ्या हस्तलिखितांत सगळ्यात जास्त चुका इथंच सापडतात. महाराष्ट्रातला हिंदू वारसा कायदा उचलून गोव्यातल्या घराला लावतात आणि पूर्ण कथानक कोसळतं. म्हणून जरा सविस्तर.

गोव्यात १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेची चौकट चालत आली आहे. वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी (मालमत्तेची यादी करून वाटणी) यांचा २०१२चा गोव्याचा कायदा २०१६ पासून लागू झाला, त्यानंही ती चौकट राखली. ती हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्या गोंयकारांना लागू. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायकोची मालमत्ता सामाईक होते, दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा. घर कागदावर एकट्या नवऱ्याच्या नावे असलं तरी बायकोच्या संमतीशिवाय ते विकता येत नाही. नवरा वारल्यावर बायकोला मिळणारा निम्मा हिस्सा वारसा म्हणून मिळत नाही, तो आधीपासून तिचाच असतो. वारसा वाटला जातो तो उरलेल्या निम्म्याचा. मुलं असताना मृत्युपत्रानं मर्जीप्रमाणे देता येतो तो आपल्या हिश्शाचा अर्धाच. उरलेला मुलांना द्यावाच लागतो. तेव्हा 'बाबांनी सगळं घर धाकट्याच्या नावे केलं' हा धक्का गोव्यात बसत नाही.

आता यात कथा कुठं आहे ते बघा. चाळीस वर्षं जिला 'तुला काय कळतं त्यातलं' म्हणून कागदांपासून लांब ठेवलं, तिच्या सहीवर सगळं अडकलंय. दिल्लीचा गिऱ्हाईक जुनं घर बघून गेलाय, आगाऊ रक्कम देऊन गेलाय, मुलांनी ती खर्चलीही आहे. आणि ती म्हणते, 'वाचून बघते.' दोनच शब्द. आमच्या गटात हे वाचून दाखवलं तेव्हा दोघी टाळ्या वाजवत उठल्या.

उलटंही करता येतं: तिला घर विकायचंच आहे आणि बाकीच्यांना नको. वारस पांगलेले: एक चुलतदीर बेळगावात, एक पुतणी लिस्बनला, एक भाचा वास्कोत ज्याच्याशी वीस वर्षं बोलणं नाही. प्रत्येक विवाहित वारसाच्या जोडीदाराचीही सही हवी. चौसष्ट वर्षांची बाई पिशवीत कागद घालून सह्या गोळा करायला निघते. जुन्या साहसकथांत नायक सात समुद्रांपलीकडचं फूल आणायला जायचा. तिला बारा सह्या आणायच्या आहेत आणि प्रत्येक दारात एक राक्षस बसलाय, चहा पाजणारा.

अपवाद: लग्नाआधी करार असेल तर गणित बदलतं. भाड्याच्या किंवा मुंडकाराच्या (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेत घर करून राहणाऱ्याच्या) घराचा हिशोब निराळा (प्र. १० पाहा). आणि २००७च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याप्रमाणे सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं घर, सांभाळलं नाही तर, न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येतं. छापायच्या आधी मात्र एखाद्या वकिलाला प्रकरण वाचायला द्या.

९. माझी नायिका विधवा आहे. सगळ्यांच्याच विधवा असतात, असं तुम्ही म्हणालात. मग काय चुकलं?

चुकलं काही नाही, सोय झाली. पहिल्या पानावर नवरा मारला की बाई मोकळी. इतके नवरे मराठी कथेत हृदयविकारानं जातात की मला त्यांची दया येते.

एकदा त्याला जिवंत ठेवून बघा. गोव्यात तर एक तयार प्रसंग आहे: तीस वर्षं बोटीवर असलेला तारवटी निवृत्त होऊन घरी येतो. त्या तीस वर्षांत घर, शेत, पंचायत, मुलांच्या शाळा, पावसातलं गळकं छप्पर, सगळं तिनं एकटीनं चालवलं. आता सकाळी नऊ वाजता एक माणूस सोप्यावर बसून विचारतो, कुठं चाललीस? तो वाईट नाही. त्याला करमत नाही. आणि तिला नेमकं आजच, त्याला न सांगता, कुठंतरी जायचंय.

१०. सगळ्या नायिका मोठ्या घरातल्याच का असतात?

कारण लिहिणारे बहुतेक तिथले असतात. मीही. उपाय एवढाच, की म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दुपारपर्यंत उभं राहायचं आणि बोलण्यापेक्षा ऐकायचं. मासळी विकणारी साठीची बाई पहाटे तीनला उठते, दलालाशी भाव करते, दोन बस बदलते, सुट्टे पैसे चोळीत वेगळे आणि नोटा कमरेला वेगळ्या ठेवते. तिला जोखीम म्हणजे काय ते शिकवावं लागत नाही. सत्तरी तालुक्यात काजूच्या दिवसांत डोंगरात बोंडं गोळा करणारीला कुठली पायवाट कुठं निघते हे वनखात्याइतकं माहीत असतं. मुंडकार बाईची घरासाठीची लढाई तर आणखीच वेगळी. १९७५च्या मुंडकार कायद्यानं राहत्या घराला संरक्षण दिलं, पण कागद लागतातच, आणि ते भाटकाराच्या कपाटात असतात. कपाट फोडायचं की भाटकारणीशी मैत्री करायची? मला दुसरं जास्त धोक्याचं वाटतं.

११. गुप्तहेर म्हणून वयस्क बाई चालेल का? की ती कल्पना फार जुनी झाली?

जुनी आहे, झिजलेली नाही. ॲगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल कादंबरीत आली १९३० साली, आणि ती युक्ती आजही चालते, कारण वयस्क बाईसमोर लोक अजूनही बोलत राहतात, जणू ती तिथं नाहीच. आपल्याकडे हे जास्तच. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत आला की कुणाच्या दारात आज दोन पाव जास्त घेतले, हे तिला कळतं. म्हणजे पाहुणा आहे. पाहुणा आहे तर तो बाहेर का दिसत नाही?

एक सावधगिरी. गावगप्पा आणि पुरावा यांतला फरक तिला कळला पाहिजे. एकदा तरी तिचा अंदाज चुकू द्या आणि त्यात निरपराध माणसाचं नुकसान होऊ द्या. मग पुढचं पान उलटताना वाचकालाही भीती वाटते.

१२. तिचं प्रेमप्रकरण दाखवलं तर चालेल?

चालेल. परवानगी माझ्याकडून कशाला हवी? फक्त 'दोन एकाकी जीव' असं कुठंही लिहू नका. आणि मुलांची प्रतिक्रिया हाच सगळा प्रसंग करू नका. त्या दोघांनाही एकमेकांविषयी काही बोलायचं असेल.

१३. नायिका कोकणी बोलते, मी मराठीत लिहितो. संवाद कसे करायचे?

हा प्रश्न गोव्याबाहेरच्यांना कळतच नाही. आपल्या कितीतरी घरांत बोलणं कोकणी, वाचणं मराठी: पोथी मराठी, वर्तमानपत्र मराठी, जत्रेतलं नाटक मराठी. १९८७च्या राजभाषा कायद्यानं कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीला सरकारी कामात जागा ठेवली. घराघरांतला जुना संसार असाच आहे, त्यावर भांडणंही झाली, तो विषय इथं नको.

मी सुचवते ते असं: निवेदन मराठीत, संवाद कोकणीच्या चालीवर, आणि जिथं ती चिडते, घाबरते किंवा मायेनं बोलते तिथं सरळ कोकणी. 'खंय वता गो?' याला तळटीप लागत नाही. सत्तरी तालुक्यातल्या बाईच्या तोंडी सदाशिव पेठ घालू नका. नाती घरागणिक बदलतात. कुणाकडे सासूला आई म्हणतात, कुणाकडे मांय. एक ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. वाचणारी प्रौढ बाई मराठीत विचारही करते, हे विसरू नका. तिचं स्वगत मराठीत आणि भांडण कोकणीत असलं तर त्यात खोटं काही नाही.

१४. मुलांसाठीच्या साहसकथेत आजीला नायिका करता येईल?

येईल, आणि मुलांना आवडतं. पण मुलांना हुशार आणि आजीला वाटाड्या करू नका (प्र. २ची कसोटी इथंही लावा). आजी निघालेली असावी आणि नातवंडं गळ्यात पडलेली असावीत. तिला त्यांना सांभाळत साहस करावं लागतं, यात गंमतही येते आणि ताणही.

१५. ती वाईट बाई असेल तर? लबाड, लोभी, खोटं बोलणारी?

उत्तम. लिहा आणि मला आधी पाठवा.

१६. संपादक म्हणतात, वय पस्तीस करा, वाचक मिळत नाहीत. काय उत्तर देऊ?

माझ्याही वाट्याला हे आलंय. दिवाळी अंकाला पाठवलेल्या कथेतली अठ्ठावन्न वर्षांची बाई छापून आली तेव्हा अडतीसची झाली होती; मला कळवलंसुद्धा नाही. मुलगा मात्र त्यांनी तीसचाच ठेवला. आठव्या वर्षी बाळंत झालेली नायिका मराठी साहित्यात बहुधा माझीच असेल.

उत्तर द्यायचं तर उदाहरणांनी द्या. गीतांजलि श्री यांच्या 'रेत समाधि'ची नायिका ऐंशीची आहे, अंथरुणातून उठून सीमेपलीकडे जाते, आणि त्या कादंबरीच्या इंग्रजी अनुवादाला २०२२चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं. २०२३ साली 'बाईपण भारी देवा' या मराठी चित्रपटातल्या सहा बहिणी बघायला बायका गटागटानं, साड्या नेसून गेल्या. तरी ऐकलं नाही तर कथा मागे घ्या. दिवाळी अंकांची परंपरा १९०९ पासूनची आहे, दुसरा अंक सापडेल.

१७. स्मरणशक्ती जाऊ लागलेली नायिका स्वतः गोष्ट सांगू शकते का? तिच्यावर वाचकानं विश्वास कसा ठेवायचा?

सगळ्यात अवघड प्रश्न हा, आणि तो फक्त दोघींनी विचारलाय. दोघींच्याही घरी तशी आई होती. शक्य आहे. जुनं घट्ट राहतं आणि अलीकडचं निसटतं, हा त्या आजाराचा नेहमीचा क्रम धरा. कुर्डीतल्या घराच्या पायऱ्या तिला मोजून सांगता येतील, पण आपण इथं कुणाबरोबर आलो ते नाही. म्हणजे प्र. ५मधला नकाशा तिच्याकडे शाबूत आहे, आणि परतीचा रस्ता गेलेला आहे. एकच प्रसंग ती दोनदा, थोडा वेगळा सांगेल. दोन्ही वेळा तिला पूर्ण खात्री असू द्या. वाचकाला गोंधळवायची युक्ती म्हणून हा आजार वापरला की लगेच कळतं, आणि ज्यांच्या घरी तो आहे ते पुस्तक मिटून ठेवतात. तिचं बोलणं ज्याला ऐकावं लागतं, असं एक माणूस कथेत ठेवा, थकलेलं.

१८. शेवटी ती मरावी, जिंकावी की घरी परत यावी?

मारायची घाई करू नका. वय झालंय म्हणून मरण हे कारण पुरत नाही. तरुण नायकाला तुम्ही असं मारत नाही.

परत येण्याबद्दल एक सांगते. मानशीची जी कथा मी प्र. ३मध्ये सांगितली, ती आमच्या गटातल्या एका बाईंनी लिहिली. पहिल्या खर्ड्यात पहाटे सगळा गाव बांधावर जमतो, सरपंच हार घालतो. आम्ही सगळे गप्प बसलो, त्यांनाच कळलं. दुसऱ्या खर्ड्यात ती चिखलानं भरलेली घरी येते. दार आतून लावलंय. सून झोपलीय, हाक मारावी तर बाळ उठेल. ती मागच्या दारी, न्हाणीच्या पायरीवर बसते, पाय धुते आणि उजाडायची वाट बघत नखांतला चिखल काडीनं काढत राहते. पोदेराचा भोंगा ऐकू येतो. ती उठून चार पाव घेते, पैसे उद्या देते म्हणते, आणि तो तिच्याकडे बघून विचारतो, 'रातीं खंय पडलें गो?'